खोकताना लघवी सुटते? स्लिंग ऑपरेशनला 'हो' म्हणण्याआधी आणि नंतर काय करायचं

खोकला, शिंक, खळखळून हसणं, जिना उतरणं, भरलेला हंडा कमरेवर घेणं, स्कूटीवर बसलेला खड्ड्याचा दणका. यांतल्या कशानेही लघवी सुटत असेल, तर 'टेप टाकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे' असं तुम्हाला कुणीतरी एव्हाना सांगितलं असेल. ही टेप म्हणजे स्लिंगच, लघवीच्या नळीखाली आधाराला घालायची पट्टी. अर्ध्या तासाची गोष्ट खरी आहे. पण त्या अर्ध्या तासात बसवलेली पट्टी जन्मभर आत राहते, आणि ती एकाच प्रकारच्या गळतीवर उपयोगी पडते. म्हणून या लेखाचा मोठा भाग ऑपरेशनच्या आधीचा आहे. चाकू सर्जन चालवणार, आधीचा गृहपाठ मात्र तुम्हालाच करायचा आहे.

पहिलं काम: गळती कोणती ते ओळखा

बायकांमध्ये मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पोटावर दाब आला की त्याच क्षणी थेंब सुटतात, ही दाबाची गळती. डॉक्टर तिला 'स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स' म्हणतात. यातल्या 'स्ट्रेस'चा मनाच्या ताणाशी काही संबंध नाही. दुसरी घाईची गळती: एकदम जोराची कळ येते आणि मोरीपर्यंत पोचेपर्यंत निम्मी वाटेतच होते. बऱ्याच जणींना दोन्ही असतात. स्लिंग पहिल्या प्रकारासाठी आहे. नुसत्या घाईच्या गळतीवर स्लिंग बसवली तर त्रास तसाच राहतो, कधी वाढतोही. घाईसाठी मूत्राशयाला सवय लावणं, चहा-कॉफी कमी करणं आणि गोळ्या हा वेगळा रस्ता आहे.

प्रकार ओळखायला महागडी तपासणी लागत नाही. मापाच्या खुणा असलेला एक जुना प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवा आणि ३ दिवस वही लिहा. कधी गेलात, किती मिली झाली, काय प्यायलात, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतात. नोंद अशी दिसते:

'सकाळी ६.१०, ३५० मिली. ७ वाजता चहा. ८.१५, चादर पिळताना थोडी सुटली, कळ नव्हती. ११.४०, बाजारातून आले, कुलपात किल्ली घालता घालता सुटली, जोराची कळ, साडी बदलली.'

८.१५ ची नोंद दाबाची, ११.४० ची घाईची. दोन्ही असतील तर जास्त हैराण कोण करतं हे वहीच सांगते, आणि उपचार कुठून सुरू करायचे तेही. दहा मिनिटांच्या ओपीडीत तोंडी सांगताना निम्मं विसरायला होतं. वही पुढे ठेवली की डॉक्टरही नीट विचारतात.

दिवस-रात्र, झोपेतसुद्धा सतत ओल राहत असेल, आणि हे एखाद्या अवघड बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर सुरू झालं असेल, तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. तो आजारच निराळा. तिथे टेपचा विषय काढू नका, आधी त्याची तपासणी करून घ्या.

एक सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो: 'पिशवी काढून टाका, सगळंच थांबेल.' गर्भपिशवी काढल्याने खोकताना होणारी गळती थांबत नाही. पिशवीत दुसरा दोष असेल तर तो स्वतंत्र विषय, पण फक्त गळतीसाठी कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

अंग बाहेर येत असेल तर आणखी एक गंमत होते. खाली उतरलेल्या भागामुळे लघवीची नळी मुडपते आणि गळती झाकली जाते. अंग वर बसवण्याचं ऑपरेशन झालं की ती अचानक उघडी पडते, आणि 'ऑपरेशनने नवीन दुखणं लावून दिलं' असं वाटतं. म्हणून आधीच, अंग वर ढकलून धरून खोकल्याची चाचणी करून बघतात. तुमच्या डॉक्टरांनी ती केली का, हे विचारा.

दुसरं काम: तीन महिने मनापासून व्यायाम

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक थर असतो. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय त्यावर पेललेले असतात. बाळंतपण, वाढलेलं वजन, वर्षानुवर्षांचा खोकला, शौचाला कुंथणं यांनी तो सैल पडतो. अमेरिकेतल्या आर्नल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये त्याचे व्यायाम मांडले, तेच हे केगेल व्यायाम. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते देखरेखीखाली किमान ३ महिने करायचे, दिवसातून ३ वेळा, दर वेळी किमान ८ आकुंचनं.

करायचं असं: चारचौघांत पोटातला वारा अडवून धरताना जसं आवळतो तसं आवळून वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, मग पूर्ण सोडायचं. श्वास रोखायचा नाही, ढुंगण आणि मांड्या आवळायच्या नाहीत. लघवीची धार मध्येच थांबवून रोज सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. कितीतरी बायका आवळण्याऐवजी खाली जोर लावतात आणि व्यायाम करूनही फरक नाही म्हणतात. या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा आतून बोटाने तपासून घेतलं की चूक लगेच कळते. शिंक येणार असं वाटताच आधी आवळायचं, ही युक्ती तर पहिल्या दिवसापासून वापरता येते.

वजन जास्त असेल तर तेही उतरवा. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरवलेल्या बायकांत आठवड्यातल्या गळतीच्या घटना ४७ टक्क्यांनी घटल्या. केवळ माहिती मिळालेल्या गटात हीच घट २८ टक्के होती. ७५ किलोच्या बाईला ८ टक्के म्हणजे ६ किलो. हे जमण्यासारखं आहे.

पण व्यायामाने सगळ्यांचंच भागतं असं मी सांगणार नाही. नेदरलँड्समध्ये ४६० बायकांवर झालेल्या, २०१३ सालच्या चाचणीत व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्या बायकांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं. गळती बरीच असेल, तीन महिने प्रामाणिकपणे करूनही पॅड सुटत नसेल, तर 'आपणच कमी पडलो' असं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या पायरीकडे चला.

तिसरं काम: मोजक्या तपासण्या

लघवीची तपासणी हवीच, कारण जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा लागतो. मग खोकल्याची चाचणी. मूत्राशय भरलेलं ठेवून, पाय थोडे फाकवून उभं राहायचं आणि जोरात खोकायचं. खोकल्याबरोबरच थेंब पडला आणि खोकला थांबताच थांबला, तर ती दाबाची गळती. खोकल्यानंतर दोन-चार सेकंदांनी धार सुरू झाली आणि थांबेना, तर खोकल्याने मूत्राशय चाळवलं असण्याची शक्यता जास्त. चाचणी लाजिरवाणी वाटते खरी, पण स्लिंगचा निर्णय बराचसा याच एका थेंबावर उभा असतो. गळती न बघताच कुणी तारीख देत असेल, तर मला तरी ते पटत नाही.

त्यानंतर लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत आत किती शिल्लक राहते ते बघतात. आधीच बरीच राहत असेल तर टेपनंतर अडचण वाढू शकते.

युरोडायनॅमिक्स ही नळ्या घालून मूत्राशयातला दाब मोजण्याची तपासणी प्रत्येकीला लागत नाही. साधी, स्पष्ट दाबाची गळती असलेल्या ६३० बायकांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत (२०१२) ही तपासणी केलेल्यांचे आणि न केलेल्यांचे वर्षानंतरचे निकाल सारखेच आले, दोन्हीकडे यश ७७ टक्क्यांच्या आसपास. आधी ऑपरेशन झालेलं असेल, लक्षणं मिश्र असतील, लघवी करायला त्रास होत असेल किंवा मज्जासंस्थेचा आजार असेल, तर मात्र ती करून घ्यावी.

चौथं काम: कोणती स्लिंग, हे समजून घ्या

बाईची लघवीची नळी जेमतेम ४ सेंटिमीटर लांब. तिच्या मध्यभागाखालचा आधार सैल पडला की खोकताना ती खाली सरकते आणि उघडते. स्लिंग म्हणजे त्या जागी नळीखाली घातलेली झोळीसारखी पट्टी. ती नळीला घट्ट आवळत नाही. बसवताना सर्जन पट्टी आणि नळी यांच्यामध्ये कात्रीचं टोक धरून मुद्दाम थोडी फट ठेवतात. एरवी पट्टी सैल पडून असते, खोकला आला की नळी तिच्यावर टेकते आणि बंद होते. स्वीडनचे उल्फ उल्म्स्टेन यांनी १९९६ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधीची ऑपरेशनं बरीच मोठी असत.

टीव्हीटी: पॉलिप्रोपिलिन या प्लास्टिकच्या जाळीची, साधारण १ सेंटिमीटर रुंदीची टेप. योनीत लहान छेद घेऊन ती जांघेच्या हाडामागून वर नेतात आणि ओटीपोटाखाली दोन बारीक छेदांतून बाहेर काढून जास्तीची कापतात. वाट मूत्राशयाच्या अगदी शेजारून जाते, त्यामुळे शंभरातल्या चार-पाच जणींत सुई मूत्राशयाला लागू शकते. म्हणूनच टेबलावरच दुर्बिणीने आत बघतात. लागलेली दिसली तर सुई काढून पुन्हा नीट घालतात आणि मूत्रनळी (लघवी बाहेर काढायला बाहेरून घातलेली नळी, कॅथेटर) थोडे दिवस जास्त ठेवतात.

टीओटी: तीच टेप, पण वाट मांड्यांच्या सांध्याजवळून. फ्रान्सच्या इमॅन्युएल डेलॉर्म यांनी ती २००१ मध्ये आणली. मूत्राशयाला धोका कमी, पण मांडीत आणि जांघेत दुखणं जास्त, आणि पुढे काढायची वेळ आली तर पूर्ण निघणं अवघड. ५९७ बायकांच्या अमेरिकी चाचणीत (२०१०) वर्षानंतरचं तपासणीतलं यश टीव्हीटीत ८०.८ आणि टीओटीत ७७.७ टक्के आलं. म्हणजे फरक किरकोळ. 'नाइस'च्या सूचना मात्र खास कारण असल्याशिवाय टीओटी देऊ नका असंच सांगतात, ते काढण्याच्या अडचणीमुळे. माझं मतही तिकडेच झुकतं. पण तुमच्या सर्जनचा हात कशात बसलेला आहे यालाही मोल आहे, म्हणून 'टीओटीच का?' एवढं विचारा आणि उत्तर ऐका.

एकाच छेदातून बसणारी आखूड टेपही मिळते. ब्रिटनमधल्या चाचणीत तीन वर्षांनंतर आराम इतर टेपांइतकाच मिळाला, पण संबंधांच्या वेळी दुखण्याचं प्रमाण जास्त होतं.

स्वतःच्या शरीरातली पट्टी: पोटाच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूची एक पट्टी कापून तीच नळीखाली घालतात. बाहेरचं काहीच आत राहत नाही. पोटावर सिझरसारखा पण लहान छेद येतो, दुखतं जास्त, बरं व्हायला वेळ लागतो आणि सुरुवातीला लघवी अडण्याची शक्यता टेपपेक्षा अधिक. पूर्वी टेपचा त्रास झालेला असेल, रेडिएशन झालेलं असेल किंवा नळीवर दुरुस्ती करायची असेल, तर हाच मार्ग योग्य.

पट्टीच नको असेल तर बर्च ऑपरेशन आहे. त्यात योनीची पुढची भिंत टाक्यांनी जांघेच्या हाडामागे वर बांधतात. नळीभोवती जेलचं इंजेक्शन देता येतं, त्याचा परिणाम कमी आणि पुन्हा द्यावं लागू शकतं, पण वयस्क आणि इतर आजार असलेल्या बाईला ते सोसतं.

जाळीविषयी इंटरनेटवर जे वाचता ते

'मेश' (म्हणजे जाळी) शोधलं की कोर्टकज्जे आणि भीतिदायक अनुभव समोर येतात. त्यातली गल्लत आधी सोडवू. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यासाठी योनीतून बसवल्या जाणाऱ्या मोठ्या जाळीची. गळतीची अरुंद टेप त्यात नव्हती. ब्रिटनने मात्र जुलै २०१८ मध्ये टेपच्या ऑपरेशनांवरही अटी घालून विराम दिला, आणि २०२० च्या चौकशी अहवालात बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतल्या नाहीत, हे स्पष्ट नोंदलं गेलं. म्हणजे भीती हवेतली नाही. बहुतेकींना टेप मानवते. थोड्या जणींत ती योनीत उघडी पडते, त्याहून थोड्या जणींत कायमचं दुखणं मागे लागतं, आणि मांसात रुजलेली जाळी पूर्ण काढणं किचकट असतं. हे तोलूनच ठरवायचं. ठरवायला घाई नाही, कारण हा जिवावरचा आजार नाही.

पुढे मूल हवं असेल तर शक्यतो थांबा. गरोदरपण आणि बाळंतपण केलेलं काम बिघडवू शकतं.

सर्जनसमोर वही उघडून विचारा

वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? माझ्यासाठी हीच पद्धत का? स्वतःच्या पट्टीचं ऑपरेशन तुम्ही करता का, की त्यासाठी दुसरीकडे पाठवता? लघवी अडली तर टेप कोण आणि किती दिवसांत सैल करतं? त्याचा खर्च वेगळा का? टेपची किंमत पॅकेजमध्ये धरली आहे का? मेडिक्लेम असेल तर मंजुरी लेखी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जाणार असाल तर आरोग्यमित्राला ऑपरेशनचं पूर्ण नाव दाखवून, ते आणि टेप दोन्ही बसतात का, हे आधी विचारून घ्या.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दमा यांची माहिती न विचारताही सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. मिश्री लावत असाल तर तीही सांगा, तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. पाळी गेलेल्या बाईला डॉक्टर कधी काही आठवडे आधी योनीत लावायचं इस्ट्रोजेन मलम देतात.

ऑपरेशनचा दिवस

बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन करतात. टेप असेल तर त्याच दिवशी किंवा एक रात्र राहून घरी. घरी सोडण्याआधीची खरी परीक्षा लघवीची. मूत्रनळीतून साधारण ३०० मिली सलाइन आत भरतात, नळी काढतात आणि लघवी करायला सांगतात. दोनशेच्या वर बाहेर आली तर पास. १०० मिलीच आली आणि पोट तुंबलेलं वाटत असेल, तर नळी थोडे दिवस पुन्हा घालतात. नळी घेऊन घरी जाण्यात नामुष्की नाही. सूज उतरली की बहुतेकींचं सुरळीत होतं.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की टेपच्या डब्यावरचं स्टिकर त्यावर चिकटवलंय का बघा. कंपनी, मॉडेल आणि बॅच क्रमांक त्यावरच असतो. नसेल तर तिथेच मागा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला ही माहिती लागली तर ती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

घरी आल्यावर

पहिले दोन दिवस बसून सावकाश लघवी करा, धार बारीक वाटली तरी कुंथू नका. थोडं पुढे वाकून, उठून पुन्हा बसून बघा. दर वेळी पुढे वाकल्याशिवाय होतच नसेल तर डॉक्टरांना सांगा, टेप घट्ट बसल्याची ती खूण असू शकते. चार-सहा तास झालेच नाही आणि पोट दुखायला लागलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

चार ते सहा आठवडे जड उचलणं बंद. आपल्या घरात जड म्हणजे काय, हे नीट सांगावं लागतं: पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, पिठाचा डबा, पाच लिटरचा भरलेला कुकर, आणि नातवंडसुद्धा. सून किंवा लेक हे वाचत असेल तर कामं आधीच वाटून घ्या, कारण बहुतेक बायका चौथ्या दिवशी बादली उचलतातच. उकिडवं बसणं काही आठवडे टाळा. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा, वैद्यकीय सामानाच्या दुकानात ती भाड्यानेही मिळते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. संबंध, टॅम्पॉन, पोहणं तेवढेच आठवडे नाही. स्कूटी किक न मारता, सहज बसता-उठता आल्यावर. चालणं पहिल्या दिवसापासून चालतं.

टीओटी झालेलीची मांडी काही दिवस दुखते, ते उतरत जातं. वाढत जाणारं दुखणं, ताप, पॅड भिजवणारा रक्तस्राव, पायात बधिरपणा, ओटीपोटावर घट्ट गाठ यांपैकी काहीही झालं तर फोन नको, प्रत्यक्ष जा.

एक-दोन आठवड्यांत लघवी मोकळी झाली नाही, तर टेप त्याच छेदातून थोडी खाली ओढून सैल करता येते. महिने गेले की ती रुजते, मग कापावी लागते. म्हणून 'बघू पुढच्या महिन्यात' हे उत्तर स्वीकारू नका. कापल्यावरही बऱ्याच जणींची गळती पूर्वीइतकी परतत नाही.

काही महिन्यांनी, वर्षांनी

घाईची कळ नव्याने सुरू झाली तर आधी लघवी तपासा, मग शिल्लक किती राहते ते. अंगावरून घाण वास येणारं पाणी किंवा थेंबथेंब रक्त जात असेल, संबंधांच्या वेळी नवऱ्याला काही टोचत असेल, तर टेप उघडी पडलेली असू शकते. ती बोटाने आणि डोळ्यांनी तपासूनच कळते, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गप्प बसू नका. वारंवार जंतुसंसर्ग किंवा लघवीतून रक्त येत असेल तर दुर्बिणीने मूत्राशय आतून बघून घ्या, टेपचा धागा तिथे निघालेला असू शकतो आणि त्यावर खडाही धरतो. वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या बाईला पुन्हा खोकताना सुटायला लागली, तर सरळ दुसरी टेप घालून घेऊ नका. पुन्हा ३ दिवसांची वही, पुन्हा खोकल्याची चाचणी, या वेळी युरोडायनॅमिक्सही, आणि जुनं स्टिकर लावलेलं कार्ड सोबत न्या.